झेंड्याची घडी

आमच्या गावात बायका झेंड्याची घडी घालत नाहीत. असा काही नियम नाही, कुणी दवंडी पिटलेली नाही, आणि विचारलंत तर "छ्या, असलं काय बी न्हाई" म्हणून हसण्यावारी नेतील. पण पंधरा ऑगस्टला संध्याकाळी शाळेतला झेंडा उतरवल्यावर मास्तरांनी त्याचं टोक कुणा बाईच्या हातात देऊन बघावं. बाईला नेमकं तेव्हाच चुलीवरचं दूध आठवतं. मास्तर नवे होते तेव्हा एकदा त्यांनी माझ्यापुढं टोक धरलं होतं. "माजं हात वलं हायत," असं म्हणून मी कोरडे हात पदराला पुसत घरी आले.

उंब्रजपासून आत, नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर गाव चाललंय. माझे मालक नाईक म्हणून रिटायर झाले, आता उसाला पाणी पाजतात आणि बातम्यांवर चिडतात. मुलगा वर बर्फाच्या मुलखात आहे. नेमका कुठं ते तो सांगत नाही, आणि मीही विचारायचं सोडलंय. दर रविवारी त्याचा फोन येतो. रविवारी सकाळपासून मी फोन कमरेला खोचून फिरते, मग गोठा असो नाहीतर न्हाणीघर.

घडीची भीती गावात बसली ती आमच्याच घरापासून. माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते. अंगण एकच, दारं समोरासमोर. तिचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच ताटात जेवून वाढले. तिचा मोठा, तो आधी भरती झाला.

त्याची बातमी आली त्या दिवशी सगळ्या गावाला माहीत होतं, आक्काला तेवढं नव्हतं. बातमी आधी पोलीस पाटलांकडं आली, मग सरपंचाकडं, मग तालमीत. आक्कानं टीव्ही लावू नये म्हणून कुणीतरी येऊन केबलची वायर उपसून ठेवली. आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, आणि मी तिच्यासमोर बसून शेंगा फोडत होते. "पेटी गावात येस्तवर तोंड उघडायचं न्हाई," असं मालकांनी मला बजावलं होतं. आमच्याकडं अशीच रीत आहे, आईला सगळ्यात शेवटी सांगतात. आक्का मधेच म्हणाली, "आज टीव्हीला काय झालंय गं?" मी म्हटलं, "वायर तुटली आसंल." हातातली शेंग मला फुटेना.

पेटीवर झेंडा होता. केशरी पट्टा डोक्याकडं असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मालक तेव्हा माझ्या कानात पुटपुटत होते, केशरी डोक्याकडं, हिरवा पायाकडं, आणि अग्नी द्यायच्या आधी झेंडा काढून घेतात, जळू देत नाहीत. बायकोला काय सांगावं ते सुचत नव्हतं म्हणून बिचारे नियम सांगत होते. जवानांनी झेंडा ताणून उचलला. केशरी आणि हिरवा पट्टा मागं दुमडला, पांढरा तेवढा वर ठेवला, मग दोन्ही बाजू आत घेत घेत शेवटी नुसतं चक्र वर राहिलं. निळं चक्र, त्याला वरून केशरी आणि खालून हिरवी किनार. ती घडी एका साहेबांनी दोन्ही तळव्यांवर धरून आणली, आक्काच्या हातात दिली, सॅल्यूट केला आणि पाठमोरे चालत गेले. आक्का हातातल्या घडीकडं बघत उभी राहिली. हे काय आहे ते तिला कुणीतरी सांगावं, असं तिचं तोंड झालं होतं.

तेव्हापासून गावातली एकही बाई झेंड्याच्या घडीला हात लावत नाही. अंधश्रद्धा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तुमचं पोरगं तिकडं नसेल तर म्हणायला तुमचं काय जातंय?

आणि एवढं होऊनही बारावी झाल्यावर माझं पोरगं पहाटे उठून भरतीसाठी पळायला लागलं. मी भांडले, उपाशी राहिले, त्याचे बूट लपवले. "आरं, घरातलं एक गेलं की रं!" म्हणाले. तो म्हणाला, "म्हणूनच जातोय." मी त्याचे बूट धान्याच्या कणगीतून काढून दिले.

तर औंदा ऑगस्टच्या आधी आमच्या बचत गटाला झेंडे शिवायचं काम आलं. घरोघरी झेंडा लावायचा, म्हणून तालुक्याच्या कचेरीनं आसपासच्या गावांसाठी आमच्याकडून झेंडे मागवले. पूर्वी झेंडा म्हणजे खादी, तीही हातानं कातलेली, आणि लावायचा तो शाळेत नाहीतर कचेरीवर. आता घरोघरी लावतात, पॉलिस्टरचाही चालतो. समाजमंदिरात मशिनी मांडल्या. केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाचे तागे आले, पांढऱ्यावर चक्र आधीच छापलेलं. आमच्यात शिवणकामात खरी हुशार भाभी, उंब्रजच्या बाजारपेठेत तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे. कापायचं काम तिनं घेतलं. खाली धुतलेली चादर अंथरल्याशिवाय ती तागा उलगडू देत नसे. "भुईला लागंल गं बायांनो, जरा सांभाळा," असं दिवसभर चालायचं.

काम करताना थट्टामस्करी चालायचीच. आमच्या अध्यक्षीणबाईंना शाळेतलं पाठ होतं, केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा, चक्राला चोवीस आरे. एक दिवस त्या भाभीला सहज म्हणून गेल्या, "हिरवा तुमचा न्हवं?" भाभीनं कात्रीसुद्धा थांबवली नाही. "आमचा कसला, उसाचा हाय त्यो. समृद्धी म्हणलासा न्हवं आत्ताच? ऊस तर तुमचाच." सगळ्या खो खो हसल्या, अध्यक्षीणबाई पण हसल्या. मी पण एक गोष्ट सांगितली, माझ्या आजेसासऱ्यांची. बेचाळीस साली तासगावच्या कचेरीवर लोकांनी झेंडा लावला, तेव्हा ते त्या गर्दीत होते म्हणे. त्या झेंड्यावर चक्र नव्हतं, चरखा होता. पोलिसांना दिसू नये म्हणून तो झेंडा एका बाईनं पोटाशी गुंडाळून नेला होता, असं ते सांगायचे. भाभी म्हणाली, "घडी घालून न्हेला आसंल, न्हाईतर पोटाशी मावंल कसा?" मशिनींचा आवाज तेवढा वाढला. तिला बिचारीला ध्यानात नव्हतं.

शिवणं झालं. मग इस्त्री करायची, घडी घालायची आणि पिशवीत भरायचं, एवढं राहिलं. बाया पटापट मशिनींच्या आडोशाला गेल्या. एकीची कंबर धरली, एकीच्या नातवाला ताप आला, अध्यक्षीणबाईंना तालुक्याला जायचं होतं. भाभीनं घडी घातली असती, पण तिचा सख्खा भाचा भरतीला पळत होता, तीही उगीच कात्री पुसत बसली. मी मघापासून शिवून झालेली शिवण पुन्हा तपासत होते. खरं सांगते, मला सगळ्यांचा संताप आला होता, आणि माझा त्याहून जास्त.

तेवढ्यात आक्का दारात आली. ती गटात नव्हती, नुसती बसायला यायची. तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. "आणा हिकडं," म्हणाली. "मला आता कशाचं भ्या?"

कुणी वर मान केली नाही. मी उठून पहिला ढीग तिच्यासमोर नेऊन ठेवला. तिच्यापुढं ढीग ठेवताना माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं, असंच आलं.

आक्का दोन दिवस घड्या घालत होती. मी शेजारी बसून पिशव्यांत भरत होते. पहिल्याच घडीला माझ्या लक्षात आलं. ती चक्र वर ठेवत नव्हती. झेंडा लांबीनं दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग एक टोक तिरकं आणून त्रिकोण करायची, पुन्हा त्रिकोण, आणि शेवटचं टोक आत खोचायची. चक्र पार आत जायचं. ही घडी आमच्यातली प्रत्येक बाई ओळखते. ओटी भरताना खणाची घालतात ती घडी. लेकी, सुना, माहेरवाशिणी, ज्यांचं सगळं नीट आहे आणि पुढंही नीट राहावं, त्यांच्या पदरात घालायची घडी.

मी बघितलं आणि गप्प भरत राहिले. बाकीच्यांनीही बघितलं असणारच. एकीनंही तोंड उघडलं नाही. आक्का एकेक घडी घालायची, वर तळवा दाबायची आणि माझ्याकडं सरकवायची. तिचं तोंड किती शांत होतं! तिच्या पोराच्या जाण्यानंतर ती इतकी शांत मी बघितली नव्हती. गठ्ठे टेम्पोत चढले, तालुक्याला गेले.

त्या रविवारी मुलाचा फोन आला नाही.

सोमवारी मी लावला. लागला नाही, बंद होता. मालक म्हणाले, "पाऊस लय हाय वर. रस्तं वाहून गेल्यात. फोन न्हाई लागला म्हंजे चांगलं समज. वाईट बातमीला रेंज लगीच मिळतीया." असं बोलून ते उसात गेले. रोज दहाला घरी येऊन चहा घेणारा माणूस, दुपारपर्यंत आलाच नाही. मी चार वेळा फोन हातात घेतला, दोनदा तो चार्जिंगला लावला तेव्हा तो भरलेलाच होता. मंगळवारी दळण आणलं, ते चाळायचं सोडून तसंच डब्यात ओतलं.

बुधवारी सकाळी टीव्ही लावला तर पडदा काळा. मी बटणं दाबली, टीव्हीच्या डोक्यावर चापट मारली. मग मागं वाकून बघितलं. वायर तुटली नव्हती. कुणीतरी ती उपसून, नीट गुंडाळून, टीव्हीच्या मागं ठेवली होती.

मी भिंतीला धरून खाली बसले. आक्काची ओसरी, त्या शेंगा आणि "वायर तुटली आसंल" असं म्हणणारी मी, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. आता माझ्यासमोर कोण शेंगा फोडत बसणार होतं? कुणाला मालकांनी बजावलं असेल?

मी तशीच अनवाणी उसाकडं गेले. मालक पाटाच्या कडेला बसले होते, खोरं बाजूला पडलं होतं, पाणी भलत्याच सरीत चाललं होतं. मी म्हटलं, "वायर कुणी काढली?"

त्यांनी खोरं जवळ ओढून घेतलं.

"आवं, मी काय इचारतीया? वायर कुणी काढली?"

"मी," ते म्हणाले. "वर कायतरी झालंय. दोघं-तिघं गेल्यात म्हणत्यात. सगळी नावं आली न्हाईत. टीव्हीवाली एकच गोष्ट सारखी दावत्यात, तू बघत बसशील म्हणून काढली. आई शप्पत, एवढंच हाय. मला बी काय म्हाईत न्हाई."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय की गं!" असं ओरडले, आणि मग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मला कळेना. आक्काच्या वेळी मीसुद्धा असंच तोंड करून खोटं बोलले होते ना.

घरी बसवेना. गावाला माहीत असेल तर गावाच्या तोंडावर दिसेल, असं म्हणून मी निघाले. पारावरची माणसं बोलत होती, मी दिसल्यावर एकानं तंबाखू मळायला घेतली. किराणावाला म्हणाला, "या की वैनी," नेहमीसारखंच म्हणाला, की जरा जास्त गोड म्हणाला? पोलीस पाटलांची मोटरसायकल दारात नव्हती. कुठं गेले असतील? प्रत्येक गोष्टीचा मला एकच अर्थ लागत होता.

समाजमंदिरात शिरले तर सगळ्या बाया तिथं गोळा झालेल्या, अध्यक्षीणबाई मधे, भाभी भिंतीला टेकून, आक्का खाली चादरीवर. मी दारात आल्याबरोबर सगळ्या चिडीचूप.

मग माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "कोण सांगणार हाय का न्हाई मला? का पेटी आल्यावर सांगणार हायसा? मी काय आक्का हाय व्हय, गप बसून शेंगा फोडाय?"

बोलून गेले आणि माझं मलाच कसंसं झालं. आक्का समोर बसली होती. तिनं मान खाली घातली.

भाभी धावत आली, माझे दोन्ही दंड धरले. "आगं काय बोलतीयास? कुणाला काय न्हाई झालं. हे बघ, हे बघ की." तिनं बोट केलं तिकडं कोपऱ्यात आमचे गठ्ठे पडले होते. तालुक्याहून परत आले होते. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "घडी चुकलीया म्हणं. खणासारखी घडी चालत न्हाई, चक्र वर आलं पायजे. उद्या सकाळी गाडी यायची हाय. आक्कास्नी सांगितलं, पर आता घडी घालायची कुणी, हेच बोलत हुतो गं. तू आलीस आन् आमाला आणखीनच अवघडलं."

मी मटकन खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले. हसू पण येत होतं. काय बाई आमची तऱ्हा, एवढी माणसं, आणि एका घडीपायी सगळ्यांची तोंडं शिवलेली.

मग आक्का बोलली. आवाज बारीक होता. "मला म्हाईत हाय चक्र वर येतंय ते," म्हणाली. "मला न्हाई म्हाईत तर कुणाला म्हाईत आसणार? तशी घडी मी एकदा हातात घेतलीया. ह्ये झेंडं घरोघरी जाणार. उंब्रजला जातील, कऱ्हाडच्या अंगाला जातील. त्या घरांत पोरांच्या आया हायत. तसली घडी माज्या हातनं त्यांच्या दारात न्हाई जाणार. ओटी म्हणून दिली मी. चुकीची तर चुकीची."

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पर आक्का, नियम हाय की त्यो."

"आसू दे की नियम. मग तुमी घाला."

कुणीही पुढं आलं नाही. कसं येईल? मी पदरानं डोळे पुसले. आक्कानं आपणच घातलेली एक घडी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मला कशाचं भ्या म्हणणारी ती बाई, गावातल्या सगळ्यांत जास्त तीच भ्याली होती, तीही दुसऱ्यांच्या पोरांसाठी. माझ्या पोरासाठी. दोन दिवस तिच्या शेजारी बसून मी पिशव्या भरल्या आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "आणा. मी घालते."

"तू नगं," आक्का म्हणाली. "त्याचा फोन न्हाई आलेला. तू आजच्या दिस नगं."

"आवं आक्का, मग कोण? तुमालाच परत बसवू व्हय?"

मी एक घडी सोडवली, झेंडा चादरीवर पसरला. भीती किती वाटत होती ते कसं सांगू! मनात एकच चाललं होतं, मी ही घडी घालतेय आणि तिकडं कुणी ऐकत तर नाही ना. केशरी पट्टा मागं घेतला. हिरवा मागं घेतला. पांढरा तेवढा राहिला. मग एक बाजू आत, मग दुसरी. चक्र तिरकं आलं. सोडवली, पुन्हा घातली. पुन्हा तिरकं. भाभी शेजारी बसून नुसती "हळू गं, हळू" म्हणत होती.

मशिनीच्या फळीवर ठेवलेला माझा फोन वाजला.

कुणी हालेना. मलाही उठता येईना. फोन फळीवर थरथरत कडेला सरकत चालला होता. शेवटी भाभीनंच तो पडता पडता धरला, बघितलं आणि किंचाळली, "लेकाचा हाय गं! लेकाचा!" आणि स्पीकर लावून माझ्यासमोर धरला.

"आई?"

मला आनंद झाला. वरती दोन-तीन पोरं गेली होती, हे मला माहीत होतं, आणि तरी मला आधी आनंदच झाला, दुसरं काही झालं नाही. मग शिव्याच सुटल्या. "कुठं मेला हुतास रं एवढं दिस? हितं आमचा जीव टांगणीला, तुजा बाप उसात बसून रडतोय, फोन कराय काय हुतं तुला?"

मग म्हणाला, "फोन बंद ठिवला हुता मी, आई. आमच्यातला एक गेला. माज्याच शेजारच्या खाटंवरचा. त्याला घिऊन मी त्याच्या गावाला आलोय. आत्ताच सगळं झालं." पुढं म्हणाला, "झेंड्याची घडी मीच घातली. साहेब म्हणालं तू त्याचा दोस्त, तूच दे. त्याच्या आईच्या हातात मी दिली. तुज्याशी काय बोलायचं ते कळंना, म्हणून फोन बंद ठिवला."

माझ्या मांडीवर अर्धी घडी तशीच होती. माझ्या पोरानं नेऊन दिली होती ती घडी, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी आईच्या हातात, आणि त्या घरातली टीव्हीची वायर सकाळी कुणीतरी काढली असणार.

आक्कानं हात पुढं केला आणि भाभीच्या हातातला फोन घेतला.

"मी हाय रं, थोरली आई," म्हणाली. "दिल्यावर लगीच मागं फिरलास का रं?"

"सॅल्यूट करून मागं फिराय लागतंय, थोरली आई."

"व्हय. म्हाईत हाय मला. पर नंतर? तिच्यापाशी गेलास का?"

"गेलो. लोक पांगल्यावर गेलो. बसलो तिच्याजवळ."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. मला इचारलं, जेवलास का म्हणून."

आक्कानं डोळे मिटले. "मग जेव तिच्या घरात," म्हणाली. "तिच्या हातचं जेव आन् मगच नीघ. गडबड करू नगंस." आणि फोन माझ्याकडं दिला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. स्वेटर घाल, असलंच काहीतरी बोलले असेन.

फोन बंद झाल्यावर आक्का माझ्याकडं सरकली. माझ्या मांडीवरचा झेंडा तिनं ओढून घेतला, झटकला, चादरीवर नीट पसरला. केशरी मागं, हिरवा मागं. एक बाजू, दुसरी बाजू. तिचा हात एकदाही अडखळला नाही. चक्र अगदी मधोमध वर आलं. तिनं त्यावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग दोन्ही हातांवर ती घडी उचलून माझ्यासमोर धरली.

"घे," म्हणाली. "पोरगं जितं हाय तवर एकदा घे. मग एवढं भ्या वाटायचं न्हाई."

माझा हात आपसूक पदराकडं गेला. ओटी घ्यायला धरतात तसा मी पदर पुढं पसरला.

"पदरात न्हाई," आक्का म्हणाली. "हातात घे."

मी हात पुढं केले.